लांब पल्ल्याची नेमबाजी : कोणता बोअर निवडावा?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे लहानसे गाव एका दिवसात सर्वपरिचित झाले. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच आणि मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा मान लाभला. साहजिकच त्यानंतर गावोगावी पालक, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य एकच विचारणा करू लागले : आमच्या मुलामुलींना हा खेळ खेळावयाचा असेल, तर बंदूक कोणती घ्यावी?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे चुकीचे उत्तर फार महाग पडते. भिवंडीतील एका सायझिंग कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्यांची नववीतील कन्या शाळेत नेमबाजीकडे ओढली गेली. गृहस्थांनी ओळखीतून एक जुनी हवाई बंदूक विकत घेतली. विकणाऱ्याने सांगितले, ही जरा मोठ्या बोअरची आहे, मार चांगला आहे. मुलीने चार महिने घराच्या गच्चीखालील बोळात सराव केला. पहिल्याच स्पर्धेत साहित्याची तपासणी झाली आणि तिला मैदानात उतरता आले नाही. बंदुकीचा बोअर ५.५ मि.मी. होता, स्पर्धेला ४.५ मि.मी. लागतो. एवढ्यावरच भागले नाही. शिक्षकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की, ४.५ मि.मी.हून मोठ्या बोअरची हवाई बंदूक बाळगण्यास परवाना लागतो आणि तो आपल्याकडे नाही. एक मिलिमीटर अधिक मिळावे म्हणून मोजलेले पैसे तर गेलेच, वर कायद्याची धास्ती पदरी आली.

ही चूक त्या गृहस्थांची एकट्याची नव्हे. ‘बोअर जितका मोठा तितका नेम लांबचा’ हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तो खरा नाही. किंबहुना, लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पल्ला वाढत गेला तसतसा बोअर लहान होत गेल्याचे दिसते.

आकड्यांचा घोटाळा

नळीच्या आतील पोकळीचा व्यास म्हणजे बोअर अथवा कॅलिबर. तो कधी मिलिमीटरमध्ये तर कधी इंचाच्या अंशांत सांगतात. .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर, .२२ म्हणजे सुमारे साडेपाच, .३०३ म्हणजे ७.७. भिवंडीच्या वाचकांना हे सुताच्या काउंटसारखे वाटेल. फरक इतकाच की काउंट वाढला की सूत बारीक होते, येथे आकडा वाढला की नळी रुंद होते. आणि चांगला विणकर जसा कापड कोणते काढायचे हे ठरविल्यावाचून काउंट सांगत नाही, तसाच जाणता प्रशिक्षकही स्पर्धा कोणती हे विचारल्यावाचून बोअर सांगत नाही.

मात्र नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्राप्रमाणे खोबणी कोरलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती भोवऱ्यासारखी स्थिर राहून पुढे जाते. आता व्यास मोजायचा तो खोबणींच्या मधल्या उंचवट्यापासून की खोबणीच्या तळापासून? याच कारणाने एकाच जातीच्या रायफलीला कोणी ७.६२ मिलिमीटर म्हणतो, तर कोणी .३०८ म्हणतो. पहिला आकडा उंचवट्यांचा, दुसरा तळाचा. या दोन नावांमागे एकच वस्तू दडलेली आहे, हे परवान्याच्या अर्जांची छाननी करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. त्याविषयी पुढे येईलच.

उलट बाजूने, आकडा जवळजवळ सारखा असूनही शक्तीत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. पन्नास मीटर स्पर्धेतील .२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर असते. .२२३ या काडतुसाची गोळी रुंदीने जवळपास तेवढीच. परंतु तिच्यामागील दारू कितीतरी अधिक असल्याने ऊर्जा दहापटींहून जास्त. स्पर्धेतील हवाई रायफलीच्या छऱ्याची ऊर्जा तर दहा ज्यूलहूनही कमी असते. म्हणून बोअर विचारताना काडतूसही विचारावे.

रुंद नळीकडून अरुंद नळीकडे

१८५७ च्या उठावाशी ज्या एन्फिल्ड रायफलीचे नाव जोडले गेले आहे, तिचा बोअर .५७७, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरांहून थोडा अधिक होता. त्याच वर्षी इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याच्या रायफलीची एन्फिल्डशी तुलनात्मक चाचणी झाली. व्हिटवर्थने नळी षट्कोनी ठेवली होती आणि बोअर .४५१ इतका कमी केला होता. गोळी मात्र लांब केली होती. लांबच्या पल्ल्यावर एन्फिल्ड तिच्या पासंगालाही पुरली नाही. पुढे १८६० साली ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा विम्बल्डन येथे भरली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते पहिली गोळी झाडली गेली ती व्हिटवर्थ रायफलीतूनच. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने .३०३ स्वीकारली. विसाव्या शतकाच्या मध्यास ७.६२ आली. आज ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सहा आणि साडेसहा मिलिमीटरच्या नळ्या मोठ्या प्रमाणावर दिसतात.

याचे कारण हवेच्या अडथळ्यात आहे. दोन गोळ्या समान वजनाच्या असल्या आणि त्यांपैकी एक बारीक व लांबट असली, तर तिला हवा कापण्यास कमी पृष्ठभाग पुढे करावा लागतो. तिचा वेग सावकाश घटतो. वेग टिकला की लक्ष्यापर्यंतचा प्रवास लवकर उरकतो आणि वाऱ्याला तिला ढकलण्यास कमी अवधी मिळतो. म्हणजे लांब पल्ल्यावर खरा शत्रू गुरुत्वाकर्षण नव्हे, वारा होय. हे विधान अनेकांना चमत्कारिक वाटते. हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर, .३०८ ची गोळी नळीच्या रेषेपासून नऊ-दहा मीटर खाली येते, हे खरे. पण ते पतन जवळपास ठरलेले असते. लक्ष्यदर्शकाच्या चकत्या मोजून फिरविल्या की हिशेब जुळतो. वारा मात्र गोळी हवेत असतानाच बदलतो. सेकंदाला दोन मीटर वेगाचा आडवा वारा, ज्याने झाडाची पाने जेमतेम हलावीत, त्या गोळीला हजार यार्डांवर सुमारे एक मीटर बाजूला नेतो. साडेसहा मिलिमीटरची लांबट गोळी वापरल्यास हे विचलन वीस ते तीस टक्क्यांनी कमी होते. नेमबाजाने वाऱ्याचा अंदाज करताना केलेली चूकही त्याच प्रमाणात कमी भोवते.

मग बोअर आणखी लहान का करू नये, असा प्रश्न येतो. त्यालाही मर्यादा आहे. नळी फार बारीक केली की गोळीचे वजन घटते आणि हलकी गोळी वाऱ्यावर पुन्हा भिरभिरते. शिवाय अरुंद नळीतून पुष्कळ दारू जाळली की नळीच जळते. .३०८ ची चांगली नळी काही हजार गोळ्या अचूकता टिकवून धरते. साडेसहा मिलिमीटरची अतिवेगवान काडतुसे हजार-बाराशे गोळ्यांतच नळीचा कस घालवितात. त्यातही खांद्याला बसणारा धक्का आहेच. ३०० मीटरवर उभे राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून अशा तिन्ही स्थितींत दिवसभरात अनेक गोळ्या झाडावयाच्या असतात. साठाव्या गोळीला खांदा आधीच आक्रसू लागला, तर काडतुसाची गणिती श्रेष्ठता काय कामाची? ६ मि.मी. बी.आर. नॉर्मा हे मवाळ धक्क्याचे काडतूस या प्रकारात लोकप्रिय झाले ते यामुळेच.

स्पर्धेचा नियम अखेरचा शब्द

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी निवडीचे क्षेत्र बरेच आखून दिले आहे. १० मीटर हवाई रायफल : बोअर ४.५ मि.मी. येथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटर रायफल : ५.६ मि.मी., म्हणजेच .२२ लाँग रायफल. दहाचे वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचे. ३०० मीटर रायफल : कमाल ८ मि.मी. आणि दहाचे वर्तुळ १०० मि.मी.चे. पहिल्या दोन प्रकारांत निवडीला वावच नाही. तिसऱ्यात आहे, परंतु मोठे छिद्र पाडून रेषेला स्पर्श करावा आणि वरचा गुण मिळवावा, ही युक्ती तेथे चालत नाही. कागदी लक्ष्यावरील वादग्रस्त छिद्र ८ मि.मी. व्यासाच्या एकाच मापकाने तपासले जाते, मग गोळी सहाची असो वा आठची. ३०० मीटरचा प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला. जागतिक अजिंक्यपद आणि सेनादलांच्या स्पर्धांत तो टिकून आहे.

त्याहून लांबचा, ३०० ते १००० यार्डांचा प्रकार राष्ट्रकुल परंपरेतील आहे. इंग्लंडात बिस्ले येथे भरणाऱ्या क्वीन्स प्राइझ, आताच्या किंग्ज प्राइझ, स्पर्धेचे नाव अनेकांनी ऐकले असेल. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतही हा ‘फुलबोअर’ प्रकार होता. यातील टार्गेट रायफल गटात काडतूस ठरलेले : मुख्यतः .३०८. एफ-क्लास या टेकूवर रायफल ठेवून खेळावयाच्या प्रकाराचे दोन गट आहेत, एकात.२२३ आणि .३०८ यांनाच मुभा, दुसऱ्यात ८ मि.मी.पर्यंत कोणताही बोअर. म्हणजे साडेसहा श्रेष्ठ की .३०८ श्रेष्ठ हा रंगणारा वाद प्रत्यक्षात या शेवटच्या खुल्या गटापुरता व ३०० मीटरपुरता आहे. बाकी ठिकाणी वाद नियमानेच मिटविलेला आहे.

आपल्या राज्याची कीर्ती ज्या बोअरवर उभी आहे तो .२२ होय. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकाविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कुसाळे यांचे पदकही याच बोअरचे. पन्नास मीटर हा पल्ला लांब नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी पुढील हिशेब पाहावा. वर उल्लेखिलेला तोच दोन मीटर वेगाचा वारा .२२ च्या संथ गोळीला पन्नास मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर सरकवितो. दहाचे वर्तुळ एका सेंटिमीटरहून किंचित मोठे. दहाचे नऊ झाले! म्हणून जगभरचे लांब पल्ल्याचे नेमबाज वारा वाचण्याचा अभ्यास .२२ वरच करतात. धक्का नाही, काडतूस त्या मानाने स्वस्त आणि वाऱ्यापुढे गोळी हजार यार्डांवरच्या गोळीइतकीच हळवी. या बोअरमध्ये निवडीचा खरा विषय काडतुसांचा घाणा, ज्याला नेमबाज ‘लॉट’ म्हणतात, हा आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच छापाच्या दोन लॉटपैकी एक विशिष्ट नळीत उत्तम चालतो, दुसरा चालत नाही. मोठे नेमबाज रायफल शिकंजात आवळून लॉटमागून लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट वर्षभरासाठी उचलतात. बोअरच्या चर्चेत रात्री जागविणाऱ्यांनी एक सकाळ या तपासणीला दिल्यास गुण अधिक वाढतील, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

परवाना आणि प्रतिबंधित बोअर

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांतील तरतुदी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी निदान ढोबळपणे जाणून घेणे अगत्याचे आहे. ४.५ मि.मी.पर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी लागतो. .२२ रायफल हे अग्निशस्त्र असल्याने तिला परवाना अनिवार्य आहे. .३०३ अथवा ७.६२ बोअरच्या, तसेच सेनादलाची ती काडतुसे ज्यांत भरता येतात अशा रायफली ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही; तो अधिकार केंद्र शासनाकडे आहे. .३०८ असे इंग्रजी नाव लिहिले म्हणून ७.६२ चा प्रतिबंध टळत नाही, कारण त्या नळीत सैन्याचे काडतूस बसते. वर ज्या दोन नावांचा घोळ सांगितला, तो येथे नडतो.

ग्रामीण भागात .३१५ बोअर आणि बारा बोअर ही नावे परिचित आहेत. .३१५ ही आपल्याच आयुध निर्माणीत तयार होणारी रायफल. सैन्याची काडतुसे तिच्यात चालू नयेत, या हेतूने हा बोअर रूढ झाला. ती ८ मिलिमीटरची असल्याने ३०० मीटरला चालेल काय, अशी पृच्छा एका सरपंचांनी आमच्याकडे केली होती. आकडा मर्यादेत बसतो खरा. पण तिची गोळी जड, बोथट आणि तुलनेने संथ असते. रानडुकरापासून पिकाचे रक्षण करणे वेगळे आणि तीनशे मीटरवर वीतभरापेक्षाही लहान वर्तुळात साठ गोळ्या बसविणे वेगळे.

भिवंडीपुरते सांगायचे, तर अर्ज कोठे करावयाचा हेही पत्त्यावर अवलंबून आहे. शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते; तेथील अर्ज पोलीस आयुक्तांकडे. पडघा, गणेशपुरी यांसारखा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तेथील अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस सर्वसाधारणपणे अग्निशस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणात देखरेखीखाली वापरण्याची मात्र सोय नियमांत आहे. २०१९ च्या सुधारणेने एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. नामांकित नेमबाजांसाठी स्वतंत्र सवलती आहेत.

जागेचा विचार

बोअर ठरविताना गोळी कोठे थांबणार, हे ठरविले पाहिजे. .२२ ची गोळी मोकळी सुटल्यास सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते, ७.६२ ची चार किलोमीटरच्या आसपास. नकाशावर भिवंडीभोवती चार किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्यात किती यंत्रमाग, गोदामे, शाळा आणि महामार्ग येतात, हे वाचकांनीच मोजावे. मोठ्या बोअरची रेंज ही सेनादले वा पोलीस दलांच्या विस्तीर्ण जागेतच शक्य आहे. गावकीच्या माळरानावर मातीचा बांध घालून ती होत नाही. एका ग्रामपंचायतीने तसा ठराव करण्याचे योजिले होते. तो वेळीच मागे घेतला गेला, हे बरे झाले.

याउलट दहा मीटरची हवाई रायफलीची रेंज शाळेच्या सभागृहात अथवा लांब वर्गखोलीत बसते. लक्ष्यामागे भक्कम आडोसा, लक्ष्याच्या बाजूला एकही उघडे दार वा खिडकी नाही, नेमबाजांच्या रेषेपुढे कोणीही जाणार नाही अशी शिस्त आणि हजर असलेला प्रशिक्षक, एवढे असले की प्रारंभ होतो. शालेय स्पर्धांत साध्या दर्शकाच्या रायफलींसाठी ‘ओपन साइट’ हा स्वतंत्र प्रकारही असतो. तेव्हा पहिल्याच वर्षी परदेशी रायफलीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ज्या महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्र सेनेचे पथक आहे, तेथील छात्रांना .२२ हाताळण्याची संधी आपसूक मिळते. त्यापुढील सरावासाठी वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशन किंवा पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल येथे जावे लागते. रायफल असोसिएशनच्या सदस्याला संस्थेची रायफल रेंजवर वापरता येते. .२२ स्वतः विकत घेण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे असे काढावीत, हा सल्ला आम्ही निःसंकोच देतो.

या खेळाच्या देशव्यापी संघटनेचा आरंभ एका मराठी घराण्यातील व्यक्तीच्या हातून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते आणि राज्याचे नवे नेमबाज तिच्याच उंबरठ्यावरून पुढे जातात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या कन्येला आता शाळेने घेतलेली ४.५ मि.मी.ची रायफल आठवड्यातून तीन दिवस मिळते. जुनी बंदूक वडिलांनी शिक्षकांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जमा केली आणि तिची पोच मुलीच्या गुणपत्रिकांच्या फाइलमध्येच लावून ठेवली आहे.